नोव्हायचं बिऱ्हाड

माणसं इनमीन पाच आणि श्रीखंड वीस जणांचं. लतावहिनींनी गुरुवारी सकाळी चक्का टांगला आणि गुरुवारी दुपारी डेट्रॉइटच्या इमिग्रेशन कोर्टातून निकाल आला. वहिनींनी मग महाराष्ट्र मंडळाच्या लोकांना एकेक फोन करून शनिवारचं जेवण कॅन्सल केलं. फ्लू झालाय म्हणाल्या, प्रत्येक फोनवर न चुकता खोकल्या, आणि शेवटचा फोन विनीताला करून म्हणाल्या, "तुम्ही मात्र या गं. रिकाम्या पोटी कोणाचं डोकं चालतंय?"

विनीता आली खरी, पण वाटीतलं श्रीखंड ती चमच्यानं नुसतं सपाट करत बसली होती. बाहेर ड्राइव्हवेच्या कडेला मार्चमधला काळपट बर्फ साचला होता. फॅमिली रूममधला टीव्ही आवाज बंद करून चालूच ठेवला होता आणि इराकच्या नकाशावर बाण सरकत होते.

घारपुऱ्यांच्या घरातले सगळे निर्णय आजवर डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या याच डायनिंग टेबलावर झाले होते. टेबलाच्या टोकाला विनीताचे थोरले दीर दिगंबर. त्यांना सगळे दादा म्हणत आणि तेही ते फार मनावर घेत. त्यांच्या उजव्या हाताला लतावहिनी. समोर विनीताचा नवरा प्रताप, जेवताना कधीच न बोलणारा. आणि खिडकीकडे पाठ करून त्यांची मुलगी इला, काल संध्याकाळी ओहायोहून एकटी ड्राइव्ह करत आलेली.

मुळात हे जेवण इलासाठी होतं. ती ओहायोत लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कोलंबसमध्ये एका सिनेटरच्या ऑफिसात इंटर्न म्हणून जात होती. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीला ओहायोच्या विधिमंडळानं याच आठवड्यात मंजुरी दिली. त्या ठरावामागची जुनी कागदपत्रं शोधणाऱ्या पोरांत इलाही होती. पेपरात फोटो आला, त्यात सिनेटरच्या खांद्यामागे तिचं अर्धं डोकं दिसत होतं. दादांनी तेवढ्यावर मंडळातर्फे सत्कार ठरवून टाकला होता.

आणि मग नकुलचा निकाल आला. नकुल म्हणजे इलाचा मोठा भाऊ. मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं की तो टेक्सासात फ्रिस्कोला प्रोजेक्टवर आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं तर तो जानेवारीपासून एका काउंटी जेलमध्ये होता, घरापासून दीड तासावर.

त्याची हकिगत विनीतानं वकिलांना इतक्यांदा सांगितली होती, की आता ती तिला दुसऱ्याच कोणाच्या मुलाची वाटायला लागली होती. कॉलेजात असताना पोरांना नशेच्या गोळ्या विकताना सापडला. वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर, लवकर सुटशील. त्यानं कबूल केला, सहा महिने आत काढले, सुटला, त्यानंतर नोकरीही नीट केली. डिसेंबरात सगळ्यांनी मिळून त्याला मुली बघायला पुण्याला पाठवलं. परत येताना डेट्रॉइटच्या विमानतळावर बोटांचे ठसे घेतले आणि जुनी केस वर आली. नकुल ग्रीन कार्डवर होता. सिटिझन असता तर शिक्का मारून घरी सोडला असता.

गुरुवारी जजनं त्याला देशाबाहेर काढायचा हुकूम दिला. अपील करायचं तर आत बसूनच करायचं. त्याला वर्ष लागेल, कदाचित जास्तच, आणि वकिलालाही फार आशा नव्हती. नाही तर अपील सोडल्याच्या कागदावर सही करायची, म्हणजे महिन्याभरात विमानात बसवून देतील आणि मग जन्मात परत येता येणार नाही. सोमवारी वकिलाला उत्तर हवं होतं. आज तीन वाजता नकुलचा फोन यायचा होता, आणि तोवर घरच्यांनी त्याला काय सांगायचं ते ठरवायचं होतं.

दादांनी मात्र सुरुवात ओहायोपासून केली. अवघड घास घ्यायच्या आधी सोपा घास चावत बसायची त्यांची जुनी सवय होती.

"मला एक सांग इला. दुरुस्ती अठराशे अडुसष्टची, आणि ओहायो आत्ता जागं होतंय?"

"मोठे काका, तेव्हा त्यांनी यस म्हटलं होतं. मग इलेक्शननंतर दुसरी पार्टी आली आणि त्यांनी ते यस परत घेतलं. पण बाकीच्या स्टेट्सनी पास केलंच होतं, सो कोणी केअर केलं नाही. एकशे पस्तीस वर्षं ओहायो ऑफिशियली नो होतं."

"आणि आता यस म्हटल्यानं काय फरक पडला?"

"काहीच नाही. सिम्बॉलिक आहे."

"म्हणजे वरातीमागून घोडं." दादांना बरं वाटलं. "पण आहे काय एवढं त्या दुरुस्तीत?"

इलानं एकदा आईकडे पाहिलं. "कायद्यापुढे सगळे सारखे. स्लेव्ह्ज होते, त्यांच्यासाठी लिहिली होती. आणि पहिलंच वाक्य असं आहे, की जो इथे जन्मला तो इथला सिटिझन. आईबाप कुठलेही असोत."

प्रतापनं मोडलेला पुरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"इथे जन्मला तो," लतावहिनी म्हणाल्या. बाई मनानं वाईट नव्हती, पण तोंडाला दार नव्हतं. "तरी मी तेव्हाच म्हटलं होतं. विनीता, एवढा प्रवास नको करूस, इथली हॉस्पिटलं काय वाईट आहेत?"

"वहिनी, तुम्ही असं काही म्हणाला नव्हता," विनीता म्हणाली. "तुम्ही मला मिरजेला न्यायला साबणाच्या वड्या आणि माझ्या भावासाठी शर्ट दिला होता."

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात विचारायचं काय आणि ठरवायचं काय? सातवा लागला तशी विनीता मिरजेला गेली. तिथे आई होती, शेक-शेगडी होती, डिंकाचे लाडू होते. इथे प्रताप दहा-दहा तास प्लांटवर आणि दाराबाहेर गुडघाभर बर्फ. नकुल मिरजेच्या दवाखान्यात जन्मला आणि तीन महिन्यांचा होऊन ट्रॉयला आला. दुसरं बाळंतपण सासरी, आणि सासर ट्रॉयला, म्हणून इला डेट्रॉइटला झाली. लतावहिनींची आई त्या लहान असतानाच गेली होती, बाळंतपण करायलाच कोणी नव्हतं, म्हणून त्यांची देवयानीही इथेच झाली. त्याचं दुःख वहिनींनी वर्षानुवर्षं उगाळलं होतं. तुम्हाला आई नव्हती म्हणून तुमची लेक वाचली, असं विनीताच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"जन्माचं सोडा," इला म्हणाली. "तेवढा एकच रस्ता नव्हता. बाबा सिटिझन झाला पंच्याऐंशीत. तेव्हा आईपण झाली असती तर नकुल ऑटोमॅटिकली झाला असता. तेव्हाचा लॉ होता की मूल अठराचं व्हायच्या आत दोघं पेरेंट्स सिटिझन पाहिजेत. आता एक पुरतो. पण नवा लॉ आला तेव्हा जे ऑलरेडी अठराच्या वर होते, त्यांना तो लागत नाही."

"आई कधी झाली?" दादांनी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

"शहाण्णवला," विनीता म्हणाली. नकुल तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

"का नाही झाली आधी, ते विचार तुझ्या मोठ्या काकांना," प्रताप म्हणाला.

दादांनी प्रतापला अमेरिकेत आणलं, नोकरीला लावलं, पहिली गाडी घेऊन दिली. प्रताप त्यांच्यापुढे आजवर "हो दादा" पलीकडे फारसा गेला नव्हता.

नियम दादांचाच होता. नवरा-बायकोत एक पासपोर्ट तिकडचा ठेवायचा. उद्या कोणी आजारी पडलं, तडकाफडकी निघावं लागलं, तर एकाला तरी व्हिसासाठी शिकागोला धावायला नको. शिवाय कोथरूडचा प्लॉट होता, परदेशी नागरिक झालं की त्याला दहा परवानग्या. नियम शहाणपणाचाच होता. फक्त दादांनी आणि लतावहिनींनी दोघांनीही अठ्ठ्याहत्तर सालीच नागरिकत्वाची शपथ घेऊन टाकली होती, आणि तिकडचा पासपोर्ट सांभाळायचं काम धाकट्या सुनेकडे आलं होतं. विनीतानंही तेव्हा हू की चू केलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला तो निळा पासपोर्ट आवडायचा.

"पंच्याऐंशी साली मला काय स्वप्न पडलं होतं, की हा पोरगा गोळ्या विकणार आहे?" दादा म्हणाले.

"त्याच्याबरोबर आणखी दोघं होते दादा. ते इथे जन्मलेत. ते आज घरी आहेत."

"म्हणजे माझ्यामुळे झालं."

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

"एका आख्ख्या राज्याला शंभर वर्षांनी चूक दुरुस्त करता येते," प्रताप म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "टाळ्या वाजवून. आणि आपण श्रीखंड करतो. माझ्या पोराला दुरुस्त करायचा तर कोणता ठराव आहे? सांग ना इला. त्याला कोण मत देणार आहे?"

लतावहिनी उठून पाण्याचा जग भरून आल्या, तो भरलेलाच होता.

"अजून एक आहे," इला म्हणाली. ती ताटाकडे बघत होती. "त्या जुन्या लॉमध्ये एक एक्सेप्शन आहे. एकच पेरेंट सिटिझन असला तरी चालतं. पण मग आईवडील लीगली सेपरेटेड पाहिजेत, आणि मूल सिटिझन पेरेंटकडे पाहिजे." ती थांबली. "मी नऊ वर्षांची होते. मला नोव्हायचं अपार्टमेंट आठवतं. मी आणि आई तिकडे. नकुल बाबाकडे."

अर्ध्या तासावरच्या नोव्हायला सगळ्यांचा दातांचा डॉक्टर होता, मॉल होता, प्रतापच्या कंपनीची टेस्ट लॅब होती. घारपुरे मंडळी आठवड्यातून दोनदा नोव्हायला जात-येत होती. पण त्या अर्थानं नोव्हाय हा शब्द चौदा वर्षांत या टेबलावर कोणी काढला नव्हता.

एकोणनव्वदच्या जानेवारीत प्रतापनं विनीताला गॅरेजच्या पायरीवरून ढकललं होतं. मनगट मोडलं. हॉस्पिटलात तिनं बर्फावरून घसरले म्हणून सांगितलं, घरच्यांनाही तेच सांगितलं, आणि प्लॅस्टर निघाल्यावर इलाला घेऊन नोव्हायला दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं. नकुलला शाळा आणि बेसबॉलची टीम सोडायची नव्हती, तो बापाकडे राहिला. विनीतानं वकील गाठला, वेगळं राहायचा अर्ज कोर्टात दिला, तारीखही मिळाली. नऊ महिन्यांनी, तारखेच्या आठवडाभर आधी, ती ट्रॉयला परत आली. प्रतापनं पुन्हा कधी हात उगारला नाही. त्यानं बोलणंच सोडलं.

ती परत कशी आली याची गोष्ट दादांकडे होती. नोव्हायचं नाव न घेता ते ती लग्नाकार्यात नव्या जोडप्यांना सांगत. एका घरात कशी आग लागली होती, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून ती कशी विझवली.

"आई," इला म्हणाली, "ऑर्डर निघाली होती का? जजनं साइन केलेली? तू परत येण्याच्या एक दिवस आधीची असली तरी चालेल."

सगळे विनीताकडे बघत होते. प्रतापही बघत होता. गेल्या कित्येक वर्षांत त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता त्याच्या डोळ्यांत नुसती याचना होती. माझी बायको मला कायद्यानं सोडून गेली होती, एवढं कोणीतरी म्हणा, अशी.

"नाही," विनीता म्हणाली. "तारखेच्या आधीच मी अर्ज मागे घेतला."

"ऑर्डर नसली तर काय झालं?" दादा खुर्चीत पुढे सरकले. "मी सांगतो कोर्टात. लता सांगेल. नऊ महिने दोन चुली होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्यात. शपथेवर सांगतो."

ज्या माणसानं चौदा वर्षं या गोष्टीवर झाकण ठेवलं होतं, तोच आता ती भर कोर्टात सांगायला निघाला होता. विनीताला हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही.

"मी पण सांगतो," प्रताप म्हणाला. "मी काय केलं ते सांगतो. पायरीचं सांगतो. ती घसरली नव्हती. मी ढकललं तिला."

लतावहिनींनी पदर तोंडाशी नेला. चौदा वर्षं विनीता या वाक्याची वाट बघत होती. रात्री कूस बदलताना, गॅरेजचं दार उघडताना. आज ते आलं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. तिला वाटलं होतं, ऐकल्यावर काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. तिला फक्त राग आला, की एवढं सोपं होतं तर इतके दिवस काय झालं होतं.

"बाबा, उपयोग नाही," इला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण आवाज वकिलाचाच होता. "वेगळं राहणं इनफ नाहीये. मी विचारलं वकिलांना. कोर्टाची ऑर्डरच लागते. बाकी काहीही चालत नाही."

लतावहिनी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही हिला परत आणलं नसतं, तर आज पोरगा घरी असता?"

"आम्ही आणलं म्हणजे काय?" दादा पटकन म्हणाले. "मी चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या, बस. हात धरून थोडीच आणलं? आली ती तिच्या मनानं."

घर वाचवल्याचं श्रेय इतकी वर्षं दादांच्या छातीवर बिल्ल्यासारखं होतं. त्यांनी ते एका वाक्यात काढून टेबलावर ठेवलं. लतावहिनींनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की विनीतालाच वाईट वाटलं.

"तुम्हीच म्हणाला होता तिला," वहिनी म्हणाल्या, "की बाई, मुलांच्या जन्माचं नुकसान करू नकोस. मी शेजारी बसले होते."

"लता, तू गप्प बस."

"नाही बसत."

विनीता दोघांचं ऐकत होती आणि तिला ठाऊक होतं की दादा या वेळी खरं बोलत होते. त्यांच्या चार तासांच्या समजुतीनं ती आली नव्हती. ते दोघं गेल्यावर तिनं त्यांचे कप विसळले होते आणि मनाशी आणखी घट्ट झाली होती.

ती आली ती फोनमुळे. नकुल तेव्हा बारा वर्षांचा होता. रोज संध्याकाळी कुकर लावला की तो नोव्हायला फोन करायचा. आई, राइसला किती शिट्ट्या? ती सांगायची. मग तो फोन ठेवायचा नाही. रिसीव्हर ओट्यावर ठेवून द्यायचा आणि दोघंही आपापल्या घरात शिट्ट्या ऐकत बसायची. झाल्या की तो म्हणायचा, ओके, गॅस बंद केला. परत ये, असं तो एकदाही म्हणाला नाही. विनीतानं खूप दिवस काढले. पण नोव्हेंबरात एकदा काळोख लवकर पडला होता, फोनवर नुसती वाफेची फुसफुस ऐकू येत होती, आणि तिला कळलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वकिलाला फोन करून अर्ज मागे घ्यायला सांगितलं.

हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

तीनला फोन वाजला. दादांनी स्पीकर लावला. आधी ती ध्वनिमुद्रित बाई बोलली, की हा कॉल कैद्याकडून येतोय, घ्यायचा तर पाच दाबा. दादांनी पाच दाबला.

"हाय आई. सगळे आहेत?"

"सगळे आहेत रे."

"इला, काँग्रॅट्स. इथे टीव्हीवर नाही दाखवलं. इथे फक्त वॉर आणि बास्केटबॉल." तो हसला. मग म्हणाला, "सो, आई? इलानं विचारलं का तुला? ते सेपरेशनचं?"

विनीतानं इलाकडे पाहिलं. म्हणजे दोन दिवस पोरगा आत बसून याच एका आशेवर होता. इलानं मान खाली घातली.

"विचारलं," विनीता म्हणाली. "ऑर्डर झाली नव्हती रे बाळा. मी त्याआधीच परत आले."

पलीकडून कोणीतरी मोठ्यानं बोलत गेलं, दार आपटलं.

"ओके," नकुल म्हणाला. "मग मी साइन करतो. वकिलाला सांगा, नो अपील."

"नकुल, थांब," प्रताप म्हणाला. "आपण बोलू. दुसरा वकील बघू."

"बाबा, प्लीज. मला इथे अजून एक वर्ष नाही जमणार. इथे खिडकी नाहीये. मिरजेला मामाकडे खिडकी असेल ना?" उत्तरासाठी तो थांबला नाही. "मी ठरवलंच होतं. ऑर्डर असेल तर फाइट, नाही तर साइन. इट्स ओके."

लतावहिनी आवाज न करता रडत होत्या. पोराला धड मराठी वाचता येत नव्हतं. डिसेंबरात पुण्याला तीन आठवडे राहिला तर त्यातले दोन पोट धरून होता.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"तू परत का आलीस? म्हणजे तेव्हा. मी दोन दिवस तेच थिंक करतोय." तो हळू बोलायला लागला. "मी फोन करायचो ना रोज? राइसचा? मला शिट्ट्या माहीत होत्या, आई. पहिल्या दिवसापासून माहीत होत्या. तू परत यावीस म्हणून करायचो. तू आलीस, सो मला वाटलं इट वर्क्ड. आता मी मॅथ करतोय. मी फोन केले नसते, तर तू तारखेला कोर्टात गेली असतीस. राइट? सो मीच केलं हे. मीच."

दादा एकदम पुढे झुकले. "नाही बेटा. मी आणलं तिला. मी आणि काकू गेलो होतो. माझं ऐकून आली ती."

मघाशी काढून ठेवलेला बिल्ला म्हाताऱ्यानं पुन्हा उचलला, आणि या वेळी तो टोचणार हे माहीत असून. विनीताला पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल माया वाटली.

"मोठे काका, तुम्ही एकदा गेलात. मी रोज फोन केला," नकुल म्हणाला. "आई? तू सांग."

वेळ थोडा होता. ती बाई मध्येच येऊन कॉल तोडायची. विनीतानं डोळे मिटले. त्या बाराच्या पोराला ती काय सांगू शकत होती? हो रे, तूच मला आणलंस, चार शिट्ट्यांत आणलंस, आणि त्यापायी आज तुला हाकलताहेत? हे घेऊन तो विमानात बसणार, आणि मिरजेच्या त्या खिडकीशी म्हातारा होणार.

"नाही नकुल," ती म्हणाली. "तुझ्या फोनचं मला काही विशेष नव्हतं. तू ठीक होतास, जेवत होतास, एवढं कळायचं."

"मग का आलीस?"

"बाबांसाठी आले. मला त्यांच्याशिवाय करमेना."

इलानं डोळ्यांवर हात घेतला. नोव्हायला आई फोन कानाला लावून बसायची तेव्हा ती शेजारीच होमवर्क करत असायची.

"ओह," नकुल म्हणाला. आणि खूप वेळानं, "ओके. गुड. दॅट्स गुड." तो हसल्यासारखा वाटला, पण स्पीकरवर नीट कळलं नाही. "मला ना आई, ऑल माय लाइफ वाटायचं की मी आणलं तुला परत. मी काही बिघडवलं ना, की मी स्वतःला सांगायचो, ॲट लीस्ट यू डिड दॅट. दॅट वन थिंग." तो थांबला. "इट्स ओके. बरं झालं विचारलं."

"नकुल," ती म्हणाली, पण मध्येच ध्वनिमुद्रित बाई आली, वेळ संपल्याचं तिनं सांगितलं, आणि लाइन बंद झाली.

दादांनी स्पीकरचं बटण दोनदा दाबलं. लतावहिनी ताटं गोळा करायला उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. इला बाथरूममध्ये गेली आणि तिनं नळ सोडला.

प्रताप जागचा हलला नव्हता. त्याचा हात टेबलावरून सरकत सरकत विनीताच्या हाताजवळ आला, त्याच मोडलेल्या मनगटाजवळ, आणि तिथे थांबला.

"खरंच?" तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. मुलगा कायमचा चालला होता, हे ऐकून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि तरी त्या डोळ्यांत कुठेतरी आनंद होता. नाही म्हणणं तिला अगदी सोपं होतं. पण प्रताप पुढच्या शनिवारी नकुलशी बोलणार होता, मिरजेला फोन करणार होता, जन्मभर करणार होता, आणि त्याच्या तोंडून खरं कधीतरी निसटलं असतं.

"हो," विनीता म्हणाली, आणि त्यानं तिचा हात धरला तो तिनं धरू दिला.